चार बोटं श्वास

दुबईच्या देरा भागातल्या एका हॉटेलच्या तळघरात, लाँड्रीच्या पलीकडे, माझी शिलाईची खोली होती. खिडकी नव्हती. एक शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, इस्त्रीचं टेबल, भिंतीला उंच आरसा आणि दारामागे गणवेशांची यादी. वेटरांची जॅकेटं, हाउसकीपिंगच्या मुलींचे स्कर्ट, शेफ लोकांचे पांढरे कोट, सगळं माझ्याकडे यायचं. बटणं तुटायची, चेनी अडकायच्या आणि स्टाफ कँटीनच्या फुकट भातावर माणसं जाड व्हायची. मी उसवायचे, वाढवायचे, पुन्हा शिवायचे. आठ वर्षं हे काम केलं आणि चांगलं केलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे एका कागदावर मी काम वाईट केलं असं लिहिलेलं येणार आहे.

मी रत्नागिरीजवळच्या एका गावची. दुबईला येण्याआधी गावातच पंधरा वर्षं ब्लाउज शिवत होते. माझे मिस्टर अल क्वोजमधल्या एका गॅरेजात फोरमन होते. त्यांच्या पगारात घर चालायचं, माझ्या पगारात मुलीची शाळा. राहायला शारजात, कारण तिथे भाडं परवडायचं, आणि रोज दोन वेळा गाड्यांच्या रांगेत बसून जीव मेटाकुटीला यायचा. बसमध्ये बसल्या बसल्या मी निम्म्या हॉटेलची बटणं लावलेली आहेत.

दर हिवाळ्यात, टुरिस्ट येऊ लागले की, हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये तीन आठवडे बाहेरून कुणी तरी गायक आणायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका वर्षी वेल्सची एक गायिका आली. तेव्हा तिने पन्नाशी ओलांडलेली होती. एके काळी तिच्या देशात आणि बाहेरही तिची गाणी घरोघर वाजत, असं बँक्वेट हॉलमधल्या वेटरांच्या कॅप्टनने सांगितलं. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्याकडे तिचा हिरवा गाऊन आला होता, चेन तुटलेला, आणि वरचा भाग नव्याने शिवून द्यायचा होता.

माप घ्यायला तिच्या खोलीत गेले आणि पहिल्याच वाक्यात घोळ केला. "गुड मॉर्निंग इंग्लिश मॅडम," म्हणाले. बाई अशी तापली! आपण इंग्लिश नाही, आपण वेल्सची, आपली भाषा वेगळी, आणि पुन्हा असं म्हणशील तर माप देणार नाही, असं तिने मला हात नाचवून सांगितलं. मला राग आला नाही. हॉटेलात मला निम्मे लोक 'मद्रासी आंटी' म्हणत आणि उरलेले 'बॉम्बे'. मी मुंबईत सलग आठवडाभरसुद्धा राहिलेली नव्हते. बाईचं दुखणं मला लगेच कळलं. मी कान पकडले. कान पकडणं म्हणजे काय हे तिला कळेना, मग ते समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली आणि ती हसली.

पण खरी चूक त्यानंतर केली. आमच्याकडे ब्लाउज म्हणजे अंगाबरोबर. गिऱ्हाईक बाई माप देताना पोट आत ओढून, श्वास धरून उभी राहते आणि शिवणारीही तेच माप लिहून घेते. दंडात बाही रुतली तरी चालेल, पाठीवर सुरकुती दिसता कामा नये. नाही तर 'ढगळ केलात हो' म्हणून ब्लाउज परत येतो. मी बाईचा गाऊन तसाच शिवला, लग्नाच्या ब्लाउजसारखा, मुंढ्यापासून कंबरेपर्यंत चपखल. ट्रायलला तिने घातला, वळून पाहिला, छान म्हणाली. मी खूश झाले.

तिसऱ्या गाण्याला उजव्या बाजूची शिवण काखेपासून खालपर्यंत फाटली. बाईने पियानोवाल्याचा कोट मागून घेतला, खांद्यावर टाकला आणि उरलेली आठ गाणी तशीच गायली. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आणि बाई स्वतः तळघरात आली तेव्हा मी मशीनवरून उठून उभी राहिले. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं.

ती ओरडली नाही. तिने माझे दोन्ही तळवे धरून आपल्या बरगड्यांवर ठेवले, खालच्या बाजूला, जवळजवळ पाठीकडे, आणि श्वास घेतला. माझे हात एकमेकांपासून दूर सरकले. मी घाबरून मागे व्हायला गेले तर तिने ते दाबून धरले आणि आणखी श्वास घेतला. पंधरा वर्षांत शेकडो बायकांची मापं घेतली होती, बरगड्या एवढ्या हलतात हे मला माहीत नव्हतं. "मी इथून गाते," ती म्हणाली, "गळ्यातून नाही." मी टेप लावला. श्वास सोडलेलं माप आणि श्वास भरलेलं माप यांत माझी चार बोटं बसत होती. मला स्वतःची लाज वाटली. मी उभा जन्म बायकांना श्वास धरायला लावून त्यांची मापं घेत आले होते आणि त्यालाच फिटिंग म्हणत होते.

त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक कपड्याला मी दोन मापं लिहू लागले आणि दुसऱ्या मापावर शिवू लागले. सैल दिसू नये म्हणून काय करायचं ते माझं मी शोधून काढलं. काखेखाली कापडाची जास्तीची कळी घालायची, टक खालपर्यंत न्यायचे, अस्तर तिरकं कापायचं. बाई आठ हिवाळे आली. आठही हिवाळे तिचे कपडे माझ्याकडेच आले.

माप देणाऱ्या माणसाला हात पसरून उभं राहावं लागतं, टाचण्या लागलेल्या असतात, कुठे जाता येत नाही. त्यामुळे माणूस बोलतं. बाईची सगळी कारकीर्द मी तोंडात टाचण्या धरून ऐकली. माझं इंग्रजी हॉटेलपुरतं, पण ती माझ्यासाठी सावकाश बोलायची. तिचा बाप स्लेटच्या खाणीत कामाला होता. आपल्याकडे शाळेत पाटी असायची ना, तो दगड. तिथे त्याची छपरं घालतात. बाप तो दगड छिन्नीने चिरून त्याचे पातळ तुकडे काढायचा. मी तिला सांगितलं, माझे वडील जांभ्याच्या खाणीत चिरे काढायचे. त्यावर ती टाचण्या विसरून माझ्याकडे वळली आणि तिला ओरखडा उठला.

"खोकायचे?" तिने विचारलं.

"खूप," मी म्हणाले.

तिचा बाप साठीही न पाहता गेला, छातीत दगडाची धूळ साठून. शेवटची दोन वर्षं तो खुर्चीत बसून झोपायचा, कारण आडवं झालं की श्वास पुरत नसे. माझ्या वडिलांचं अगदी हेच झालं होतं. ते पडवीत खांबाला टेकून झोपायचे. मग मला कळलं की ही बाई स्टेजवर जाण्याआधी दहा मिनिटं नुसती उभी राहून श्वास का घेते.

प्रार्थनाघरात गायला लागली तेव्हा ती सात वर्षांची होती. एकोणिसाव्या वर्षी पहिली रेकॉर्ड. बाविसाव्या वर्षी टीव्हीवर, पुढे सात-आठ वर्षं जिथे जाईल तिथे गर्दी. तिशी उलटली आणि रेकॉर्ड कंपनीने कळवलं, आता लोकांना दुसरं काही हवंय. मग ती कामगारांच्या क्लबांत गायली, जिथे लोक समोर बसून जेवायचे आणि गाणं चालू असताना बिंगोचे आकडे पुकारायचे. मग जहाजांवर. नवरा होता तो कामंही बघायचा. कामं कमी झाली तसा तोही कमी कमी दिसू लागला आणि एक दिवस दिसेनासा झाला. चाळिशी उलटल्यावर तिचं एक जुनं गाणं कसल्या तरी जाहिरातीत वाजलं आणि पुन्हा पाच वर्षं तिला दिवस आले. पुन्हा गेले. मग आखातातली हॉटेलं. 'संपली' म्हणून लोकांनी तिला तीनदा निरोप दिला होता. तिच्या इंग्रजीचं माझं मराठी करायचं तर, ती तिन्ही वेळा स्वतःच्या तेराव्याला जेवून आली.

हे सांगताना तिच्या बोलण्यात रड नसायची. शिव्या असायच्या. त्यांतल्या दोन-तीन मी मिस्टरांना ऐकवल्या तर ते म्हणाले, "अगं, हे शब्द तू हॉटेलात शिकतेस? आणि पगारही घेतेस?" मला ती 'कारियाद' म्हणायची. त्यांच्या भाषेत बाळा, सोन्या, असं काही तरी. पन्नाशीकडे झुकलेल्या मला दुसरं कुणी असं म्हणत नव्हतं आणि मला ते आवडायचं, उगाच कशाला लपवू.

दर वर्षी तिची कंबर वाढायची आणि दर वर्षी ती म्हणायची, "खरं लिही." मी खरं लिहायचे. शेवटचं गाणं ती तिच्या भाषेतलं गायची. आखाताच्या त्या हॉलमध्ये एकालाही त्यातला शब्द कळत नसे. कळत नाही तर गाता कशाला, असं मी एकदा विचारलं. "मला कळतं की," ती म्हणाली.

नवं शतक लागलं आणि हॉटेलात नवा मॅनेजर आला. लंडनहून, तिशीतला, केसांना जेल. दोन महिन्यांत तो 'यल्ला' म्हणजे चला आणि 'खलास' म्हणजे संपलं, एवढं अरबी शिकला आणि ते आम्हालाच ऐकवू लागला. त्या हिवाळ्यात लॉबीत बाईचं पोस्टर लागलं. लिफ्टसमोर उभी राहून मी ते पाहिलं. चंदेरी गाऊन, वीतभर कंबर, काळेभोर केस. फोटो तिच्या तिशीतला, एखाद्या रेकॉर्डच्या कव्हरवरचा असावा. आता तिची साठी उलटून गेलेली होती.

मॅनेजर तळघरात कधी येत नसे. त्या दिवशी आला. त्याच्या हातात तसाच चंदेरी गाऊन होता, मोठ्या दुकानातून मागवलेला, आणि दुसऱ्या पिशवीत पोट आवळायचा पट्टा, आतून पोलादी पट्ट्या लावलेला. तो पट्टा मी गाऊनच्या अस्तराच्या आत शिवून टाकायचा आणि बाईला विचारलं तर नुसतं जाड अस्तर आहे म्हणून सांगायचं. पहिल्या शोला हॉटेलचे मालक येणार होते. पुढच्या तीन हिवाळ्यांचा करार बाईशी करायचा की नाही, ते त्या शोवर ठरणार होतं. "शी मस्ट लुक लाइक द पोस्टर," तो म्हणाला. मग जाता जाता आठवण करून दिली की माझंही कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचं आहे, आणि अल क्वोजमधली एक कंपनी सगळ्या हॉटेलची शिलाई स्वस्तात करून द्यायला तयार आहे.

मला खोटं बोलायचं नव्हतं. बाई खाली आली तेव्हा मी गाऊन आणि पट्टा दोन्ही तिच्यासमोर ठेवले आणि मॅनेजर काय म्हणाला ते सगळं सांगितलं. वाटलं, आता एक नंबरची शिवी ऐकायला मिळणार. बाई खुर्चीवर बसली. पट्टा हातात घेऊन तिने त्याच्या पट्ट्या वाकवून पाहिल्या.

"शिव," ती म्हणाली. "घट्ट शिव."

"मॅडम, तुम्ही श्वास कुठून घेणार?"

"छोटा घेईन. शेवटचं गाणं सोडून देईन."

"आणि बाकीची?"

"कारियाद, मला घरभाडं द्यायचं असतं. माझ्या वयाच्या बाईला तीन वर्षांचा करार कोण देतं? त्याला पोस्टर हवंय, पोस्टर दे."

ती माझ्याकडे बघत नव्हती. आठ वर्षांत मी तिला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आणि मला तिची दया आली नाही, राग आला. भयंकर राग आला. जिने माझे हात धरून मला शिकवलं, जिच्यामुळे मी माझं पंधरा वर्षांचं शिवणं चुकीचं ठरवलं, ती आता त्या जेलवाल्या पोरासमोर पोट आत घेऊन उभी राहणार! मी मोडक्या इंग्रजीत तिला बोलले. म्हणाले, तुमच्या वडिलांना श्वास मिळत नव्हता, तो आजार होता. तुम्ही तो विकत घेताय. बाई उठली, माझ्या अंगावर ओरडली, तुझं काम शिवायचं आहे, तू शिव, आणि दार आपटून गेली.

संध्याकाळी घरी सांगितलं. मिस्टरांनी वरणाची वाटी बाजूला ठेवली. "मॅनेजर सांगतो घट्ट, बाई सांगते घट्ट. मधे तू कोण? मला मालकाने लाल रंग मार म्हटलं तर मी गाडीला विचारतो का, तुला कुठला आवडतो?" मुलगी दहावीत होती. माझी नोकरी गेली तर तिला अकरावीसाठी रत्नागिरीला मावशीकडे पाठवावं लागणार होतं. हे आम्ही तिघंही जाणून होतो आणि तिने आधीच सांगून ठेवलं होतं की ती जाणार नाही, तिच्या सगळ्या मैत्रिणी इथे आहेत. ती आतल्या खोलीतून म्हणाली, "इट्स जस्ट अ ड्रेस, मम्मी." मला तिचं खरं वाटलं. रात्रभर खरंच वाटत राहिलं. बसमध्ये बसले तेव्हाही मी घट्टच शिवणार होते.

शोच्या दिवशी दुपारी गाऊन टेबलावर पसरला, पट्टा आत ठेवला, कच्चा धावदोरा घातला. मग खात्री करायला म्हणून पट्टा स्वतःच्या अंगाला बांधून आरशासमोर उभी राहिले आणि गाण्याची एक ओळ म्हणून पाहिली. मला गाता येत नाही. आरतीची एक ओळ म्हटली. ओळ पुरी होण्याआधी श्वास संपला. पुन्हा म्हटली, पुन्हा संपला. मी पट्टा सोडला, धावदोरा ओढून काढला आणि गाऊनच्या दोन्ही बाजू काखेपासून मांडीपर्यंत उसवल्या.

गाऊनला मागे लोळणारा हातभर घोळ होता. तो कापला. त्यातून दोन लांब कळ्या काढल्या आणि दोन्ही बाजूंना घातल्या. कापड तेच, चमक तीच, फक्त धाग्याची दिशा जुळवायला तास गेला. जेवायला गेले नाही. सहा वाजता इस्त्री झाली. गाऊन आता चांगला भरल्या अंगाच्या, साठीतल्या बाईचा दिसत होता आणि मला तो फार सुंदर वाटला.

बाईने तो घातला, मी चेन लावली. चेन सरळ वर गेली तेव्हाच तिला कळलं. ती आरशाकडे बघत राहिली. मग तिने श्वास घेतला, पहिल्यांदा थोडा, मग पुरता.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"घट्ट शिव."

"आणि तू ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं."

"तो बघेल."

"बघू दे," मी म्हणाले. "तिकिटं काढलीत लोकांनी. बघायलाच आलेत." तिने मला दोन शिव्या दिल्या, एक इंग्रजी आणि एक तिच्या भाषेतली, आणि जाऊन पडद्यामागे दहा मिनिटं उभी राहिली.

मी सुई-दोरा घेऊन बाजूला थांबले होते, नेहमीसारखी. ती उजेडात गेली तेव्हा पुढच्या टेबलांवर क्षणभर कुजबुज झाली. पोस्टर बघून आलेल्यांना ही कोण म्हातारी असं वाटलं असणार. मॅनेजर समोरच्या भिंतीला टेकून उभा होता, त्याचा चेहरा मला दिसत होता. मग ती गायली. आवाज पहिल्यासारखा नव्हता. वरच्या सुरात खरखर आली होती. पण श्वास! एक ओळ तिने इतकी लांब नेली की वेटर ट्रे हातात धरून जागीच थांबले, आणि ओळ संपल्यावर तिने खाली वाकून हसत पुन्हा श्वास भरला, सगळ्यांना दिसेल असा, मी शिवलेल्या दोन्ही कळ्या फुगल्या. मला रडू आलं. शेवटचं गाणं तिने सोडलं नाही. ते गायली, आणि कुणालाही न कळणाऱ्या त्या गाण्याला लोक उभे राहिले.

मालकांनी करार केला नाही. गाणं चांगलं होतं, पण पोस्टरवरची बाई आणि स्टेजवरची बाई वेगळी, हॉटेल फसवतंय असं पाहुण्यांना वाटेल, असं ते म्हणाले म्हणे. तीन आठवड्यांनी बाई बहारीनला गेली. जाताना मी तिला सॉरी म्हणाले, कारण तिचा करार माझ्यामुळे गेला होता. ती म्हणाली, "गेला तर गेला. मला वाटलं होतं माझा आवाज गेलाय. तो नव्हता गेला, मीच त्याला भ्यायले होते." पुढच्या वर्षी ती दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या हॉटेलात गात होती, आणि सत्तरीतही गात असल्याचं मी पेपरात वाचलं आहे.

ती गेल्यावर मला वर पर्सोनेल ऑफिसमध्ये बोलावलं. मॅनेजर होता आणि टेबलामागे तिथला क्लार्क, लखनौकडचा, भला माणूस. माझ्यासमोर टाइप केलेला कागद ठेवला. क्लार्कने मला हिंदीतून समजावला. मी, शिलाई विभाग, चुकीचं माप घेतलं, त्यामुळे गाऊन सैल झाला, ही माझी चूक आहे, मला खेद आहे. त्याखाली सही करायची. मालकांना दाखवायला मॅनेजरला एक चूक हवी होती आणि ती त्याची स्वतःची चालणार नव्हती. "साइन इट, अँड आय रिन्यू यू. खलास," तो म्हणाला. दुसरा कागद, नव्या कॉन्ट्रॅक्टचा, शेजारीच होता.

चुकीचं माप. बाकी काहीही लिहिलं असतं, उद्धट आहे, ऐकत नाही, मी आनंदाने सही केली असती, ते खरंच होतं. पण माप मी चुकवलं नव्हतं. उलट त्या अख्ख्या हॉटेलात त्या बाईचं खरं माप माझ्या एकटीकडे होतं.

मी पेन घेतलं आणि खाली लिहिलं, मराठीत: 'माप बरोबर आहे. मुद्दाम केले.'

मॅनेजरने कागद फिरवून पाहिला. "धिस इज युअर सिग्नेचर?"

माझी सही सगळ्या कागदांवर मराठीतच होती. मी तोंड उघडायच्या आत क्लार्क म्हणाला, "येस सर, सिग्नेचर. इन हर लँग्वेज." त्याने ते वाचलं होतं. त्याला सगळं समजलं होतं. तो मान खाली घालून हळूच म्हणाला, "आंटी, हाँ बोल दीजिए. बच्ची का सोचिए." मॅनेजरने शिक्का हातात घेतलेला होता. मला फक्त मान हलवायची होती. मुलगी माझ्या डोळ्यांसमोर उभी होती, दप्तर, वेण्या, सगळी.

"नो सर," मी म्हणाले. "नॉट सिग्नेचर." आणि काय लिहिलंय ते एकेका शब्दावर बोट ठेवून त्याला इंग्रजीत सांगितलं. क्लार्कने कपाळाला हात लावला.

मला तीस दिवसांची नोटीस मिळाली. ते तीस दिवस मी पुरतं काम केलं, एकही जॅकेट मागे ठेवलं नाही. मिस्टर आठवडाभर चिडले, मग एका संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, "तो पट्टा तू खरंच अंगाला बांधून पाहिलास?" आणि हसत सुटले. मुलगी हसली नाही. तिची परीक्षा झाली, निकाल चांगला लागला, आणि जूनमध्ये आम्ही तिला विमानतळावर सोडायला गेलो. रांगेत उभे होतो. ती महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. आमची पाळी आली तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "यू कुड हॅव जस्ट सेड यस, मम्मी."

"हो," मी म्हणाले, "म्हणता आलं असतं." आणि तिची बॅग उचलून वजनकाट्यावर ठेवली.